घाटाखालचं पाणी आणि देवगडचा उजेड

२०२० साल म्हटलं की सगळ्यांना कोरोना आठवतो. मला त्याच्या जोडीला पाण्याचे तीन रंगही आठवतात. जूनमध्ये आपलं लोणारचं सरोवर गुलाबी झालं. सप्टेंबरात रोहिणखेडच्या आमच्या वावरातलं शेततळं हिरवंगार झालं. आणि नोव्हेंबरात माझ्या धाकट्या बहिणीने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. ती डी.एड. करून तिकडे सिंधुदुर्गात, देवगडला शिक्षिका म्हणून लागली आणि तिथलीच झाली. व्हिडिओत रात्रीची वेळ होती. काळोखात लाट यायची, फुटायची आणि फुटता फुटता निळ्या उजेडाची रेघ ओढून जायची. जणू कुणी पाण्याखाली दिवाळीची माळ लावली आहे!

"ताई, बघ किती सुंदर!" असं तिने खाली लिहिलं होतं. मी तो व्हिडिओ सासूबाईंना दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, "दिसाले सुंदर हाये, पण आपल्या तळ्यावानी तर नाही ना वं हे?"

मैत्रिणींनो, चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या सासूबाईंनी त्या दिवशी जो प्रश्न विचारला, तो मोठमोठे शास्त्रज्ञही विचारत आहेत. पण आधी आमच्या तळ्याची गोष्ट सांगते, म्हणजे समुद्राची गोष्ट आपोआप कळेल.

पहाटे आ वासलेले मासे

शेततळं झालं तेव्हा घरात केवढा आनंद! पऱ्हाटीला संरक्षित पाणी मिळेल, शिवाय मासे सोडता येतील, असा माझा हिशेब. बचत गटातून वीस हजार उचलले. २०१९ च्या पावसाळ्यात कटला आणि रोहूची बोटुकली आणून सोडली. वर्षभर कोंडा-ढेप टाकली, जाळी लावली, बगळे हाकलले. मासे चांगले अर्धा-पाऊण किलोचे झाले. पितृपक्ष-नवरात्र उरकलं की विकायचे, असं ठरलं होतं.

त्या सप्टेंबरात पाऊस धो धो पडला. कपाशीला युरिया टाकून दोनच दिवस झाले होते. वरच्या वावरातलं पाणी चारीने थेट तळ्यात उतरलं. त्यानंतर ऊन पडलं आणि आठ-दहा दिवसांत तळं असं हिरवं झालं, की पालकाची पातळ भाजी वाटावी. आम्ही खूश! हिरवं पाणी म्हणजे माशांना चारा, एवढंच ऐकून होतो. मग दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिलं. एका पहाटे सासूबाई तिकडे गेल्या आणि हाका मारत आल्या, "काहून वं सूनबाई, हे मासे असे आ वासून वर काहून पाहून रायले?"

आम्ही पोचलो तेव्हा शेकडो मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा ओढत होते. ऊन वर येईपर्यंत निम्मे उलटे झाले. दुपारपर्यंत तीन टोपल्या भरल्या. वीस हजारांचं कर्ज आणि वर्षाची मेहनत आम्ही बांधावर खड्डा खणून पुरली.

नंतर मत्स्य विभागातल्या एका साहेबांनी समजावून सांगितलं. युरियाने जशी पऱ्हाटी वाढते, तसंच पाण्यातलं बारीक शेवाळही वाढतं. त्याला खत, ऊन आणि साचलेलं पाणी मिळालं की ते दिवसाच्या हिशेबाने दुप्पट होतं. दिवसा उन्हात हे शेवाळ प्राणवायू सोडतं. पण रात्री तेही आपल्यासारखाच श्वास घेतं. शेवाळ जेवढं दाट, तेवढा रात्रीतून प्राणवायू जास्त संपतो. त्यात आभाळ भरलेलं असलं, की दिवसाचीही भर पडत नाही. शेवाळ मरून तळाला गेलं, की ते कुजतानाही प्राणवायूच खातं. म्हणून मासे पहाटे मरतात. विष कुणी टाकलेलं नसतं. त्यांचा श्वास संपलेला असतो.

समुद्राला बहर येतो तेव्हा

जे आमच्या तळ्यात झालं, तेच समुद्रात मोठ्या प्रमाणावर होतं. शास्त्रज्ञ त्याला शेवाळाचा बहर म्हणतात. आंब्याला बहर आला की आपण खूश होतो. समुद्राच्या बहराचं मात्र तसं नाही, थोडा हवा, फार नको.

समुद्रातलं शेवाळ दोन तऱ्हेचं. एक डोळ्यांना दिसणारं, पानांसारखं, झुपक्यांचं. ते खडकांवर वाढतं किंवा पाण्यावर तरंगतं. दुसरं इतकं बारीक की थेंबात शेकडो मावतील. या बारीक शेवाळावरच समुद्राचा सगळा संसार चालतो. त्यातलं डायटम नावाचं शेवाळ हे समुद्राचं गवत समजा. ते गवत बारीक जीव खातात, त्या जिवांना लहान मासे, लहान माशांना मोठे मासे आणि मोठ्या माशांना आपण.

बहिणीने पाठवलेला निळा उजेड ज्याचा होता, त्या जिवाचं नाव नॉक्टिलुका. त्या नोव्हेंबरात मुंबईत जुहूपासून देवगडपर्यंत ठिकठिकाणच्या किनाऱ्यांवर तो दिसला. लोक बघायला गर्दी करत होते. हा जीव खसखशीच्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहान. पाणी हललं, लाट फुटली, की तो चमकतो. अरबी समुद्रात वाढणाऱ्या नॉक्टिलुकाची गंमत अशी, की तो आपल्या पोटात हिरवं शेवाळ पाळतो. ते शेवाळ ऊन खाऊन त्याला आयतं जेवण देतं, शिवाय तो स्वतः डायटमही खातो. म्हणजे घरी पोळ्या लाटणारी बाई ठेवायची आणि वर शेजाऱ्याच्या ताटातलंही उचलायचं!

अरबी समुद्राच्या उत्तर भागात पूर्वी हिवाळ्यात डायटमचा बहर यायचा. २००० सालानंतर मात्र तिथे नॉक्टिलुकाचे मोठमोठे हिरवे तवंग दिसू लागले. ते उपग्रहातूनही दिसतात. भारतीय वंशाच्या समुद्रशास्त्रज्ञ हेल्गा गोम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांनी २०१४ मध्ये मांडलं, की पाण्यात प्राणवायू कमी असला तरी हा जीव मजेत वाढतो, डायटमला ते जमत नाही. २०२० मध्ये याच गटाने आणखी एक धागा जोडला. हिवाळ्यात हिमालयाकडून येणारे थंड वारे समुद्राचा वरचा थर गार करतात. गार पाणी जड होऊन खाली जातं आणि तळाकडचं कसदार पाणी वर येतं. आपण कढी ढवळतो तसं. हिमालयावरचा बर्फ कमी होतोय, वारे पूर्वीइतके गार राहिले नाहीत, म्हणून ढवळणं कमी झालं आणि डायटमची उपासमार झाली, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही. बहराची कारणं ठिकाणानुसार वेगळी असतात, असं काही जण म्हणतात. पण नॉक्टिलुकाचं राज्य वाढलं आहे, याबद्दल वाद नाही.

यात अडचण अशी, की नॉक्टिलुका फारसं कुणी खात नाही. त्याच्या अंगात अमोनिया साठतो, त्यामुळे मासे त्याच्यापासून लांब राहतात. त्याला आवडीने खाणारे म्हणजे जेलीफिश आणि तसलेच लिबलिबीत जीव. कोकणात जेलीफिशला झार म्हणतात. म्हणजे गवत बदललं की वरची सगळी पंगत बदलते. जिथे तारली-बांगड्याने पोट भरायचं, तिथे झार वाढतो. झाराला बाजारात कोण विचारतो? उलट तो जाळ्यात भरला की अंगाची आग आणि जाळ्याची वाट!

टोपली कुणाच्या डोक्यावर?

बहिणीच्या शेजारी एक मासेविक्री करणाऱ्या वहिनी राहतात. मी दोन वर्षांनी देवगडला गेले, तेव्हा त्यांच्या ओट्यावर बसून बरंच बोलणं झालं. त्या उजेडाचा विषय मी काढला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "दर्यात उजेड पडलो की बघूक येणाऱ्यांची मजा असता. पण जाळ्यात काय गावणा नाय." पाणी चमकतं तेव्हा पाण्यात सोडलेलं जाळंही चमकतं. माशाला ते लांबूनच दिसतं आणि तो बगल देतो, असं तिकडचे जुने मच्छीमार सांगतात.

समुद्रात पुरुष जातात, हे आपण चित्रांत पाहतो. पण नाव किनाऱ्याला लागली की पुढचं सगळं बाईच्या हातात. मासे निवडायचे, लिलावात बोली लावायची, बर्फ घ्यायचा, उरलेले सुकवायचे, बाजारात बसायचं. डिझेलचे पैसे नावेवाला आधीच खर्च करून बसलेला असतो. मासळी कमी आली, की भाव चढतो आणि तिची टोपली हलकी होते. गिऱ्हाईक म्हणतं "एवढी महाग?" आणि घरी येऊन तिला गटाचा हप्ता भरायचा असतो. हे ऐकताना मला आमच्या बांधावरचा खड्डाच दिसत होता. तिचा समुद्र, माझं तळं. हप्ता दोघींचा सारखाच.

जगातले किनारे

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. २००८ मध्ये चीनमध्ये ऑलिम्पिक झालं. चिंगदाओ शहरात शिडाच्या बोटींच्या शर्यती व्हायच्या होत्या. महिन्या-दीड महिन्यावर स्पर्धा आली आणि समुद्रावर हिरवं शेवाळ गालिच्यासारखं पसरलं. दहा हजारांहून जास्त सैनिक आणि स्वयंसेवक कामाला लावून सुमारे १० लाख टन शेवाळ काढावं लागलं. मूळ कुठे सापडलं? दक्षिणेकडच्या जिआंगसू प्रांताच्या किनाऱ्यावर खाण्याच्या शेवाळाची शेती होती. तिच्या तराफ्यांना चिकटून हे दुसरं शेवाळ वाढलं होतं. तराफे साफ करताना ते पाण्यात सुटलं आणि वाहत वर आलं. एकाच्या शेतातलं तण दुसऱ्याच्या अंगणात!

फ्रान्सच्या ब्रिटनी भागात डुकरं आणि कोंबड्या पाळण्याचे मोठे उद्योग आहेत. तिथलं शेणमूत आणि खतातला नत्र ओढ्यांवाटे उथळ खाड्यांत जातो आणि किनाऱ्यावर हिरव्या शेवाळाचे ढीग लागतात. ढीग सडले की आतून हायड्रोजन सल्फाइड नावाचा सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू निघतो. २००९ मध्ये तिथे एका स्वाराचा घोडा अशा चिखलात रुतून जागेवर मेला, स्वार बेशुद्ध पडला. २०११ मध्ये छत्तीस रानडुकरं मेलेली सापडली.

कॅरिबियन बेटांवर आणि मेक्सिकोत २०११ पासून सारगासम नावाचं तपकिरी शेवाळ येऊन पडतंय. २०१८ मध्ये आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत सुमारे ८,८५० किलोमीटर लांबीचा पट्टा उपग्रहाने टिपला. वजन २ कोटी टनांहून अधिक. मे २०२५ मध्ये तर ते पावणेचार कोटी टनांवर गेलं. पर्यटक किनाऱ्यावरून पळतात, हॉटेलं ओस पडतात आणि तिथे खोल्या झाडणाऱ्या, जेवण रांधणाऱ्या बायांचं काम जातं. खोल समुद्रात हेच सारगासम कासवांच्या पिलांना, लहान माशांना आसरा देतं. जागेवर असलं तर घर, किनाऱ्यावर ढीग झाला तर उकिरडा.

आपला समुद्राशी काय संबंध?

तुम्ही म्हणाल, बुलडाण्यातून समुद्र कितीतरी कोस दूर, आपल्याला काय त्याचं?

आपल्या जिल्ह्यात आपण "घाटावरचे" आणि "घाटाखालचे" असं म्हणतो. सोयरीक जुळवतानाही हा प्रश्न येतो. पण पाण्याच्या बाबतीत हा घाट फार मोठा दुभाजक आहे. बुलडाण्याजवळ उगम पावणारी पैनगंगा घाटावरचं पाणी घेऊन वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागराला जाते. आमचं रोहिणखेड घाटाच्या पायथ्याशी. आमच्या भागातले ओढे-नाले नळगंगा, विश्वगंगा यांसारख्या नद्यांतून पूर्णेला मिळतात. पूर्णा मुक्ताईनगरजवळ चांगदेवला तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला. एकाच जिल्ह्यातली सासर-माहेरची दोन गावं आणि दोघांचं पाणी दोन वेगळ्या समुद्रांना!

आमच्या वावरातला सगळा युरिया थेट समुद्रात पोचतो, असं मी म्हणणार नाही. वाटेत हतनूर आहे, उकाई आहे. बराचसा कस धरणांत, गाळात अडकतो. देवगडचा उजेड आमच्या युरियाने पेटला, असंही नाही. पण अडकतो तिथेही तो गप्प बसत नाही. धरणाचं पाणी हिरवं होतं, जलपर्णी माजते, भोई बांधवांच्या जाळ्याला मासा कमी लागतो आणि हंड्यातल्या पाण्याला वास येतो. शिवाय शहरांचं सांडपाणी वेगळंच. शेकडो नद्या आणि हजारो नाले आपापला वाटा टाकतात, तेव्हा समुद्राचा हिशेब बिघडतो.

आता खताचाच हिशेब करू. ४५ किलोची निमकोटेड युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिच्यात नत्र जवळजवळ २१ किलो. त्यातला साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा पिकाला लागतो. बाकीचा हवेत उडतो, जमिनीत मुरतो किंवा पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणजे आपण शंभर रुपयांचं खत टाकतो आणि निम्म्याहून जास्त पैसे ओढ्यात सोडतो. गोणी कुणी आणायची हे घरातले पुरुष ठरवत असतील, पण ओंजळीने पऱ्हाटीच्या बुडाशी खत टाकणारे हात कुणाचे असतात? आपलेच ना!

शेवाळ वैरी नाही

एक मात्र खरं, पाण्याचा प्रत्येक रंग काही वाईट नसतो. लोणारचं गुलाबी पाणी पाहून किती अफवा उठल्या होत्या! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं, तर तो रंग खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्म जिवांचा निघाला. त्या उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला होता. एरवी त्याच सरोवराला हिरवी झाक असते, ती तिथल्या निळ्या-हिरव्या शेवाळाची. स्पिरुलिनाच्या गोळ्या आपण दुकानात बघतो ना, ते त्याच घराण्यातलं.

समुद्रशेवाळ तर आपल्या घरात कधीच शिरलंय. आइसक्रीममध्ये, टूथपेस्टमध्ये, जेलीमध्ये त्याचा अंश असतो. सागरिकासारखी फवारणीची औषधं कृषी केंद्रावर मिळतात, तीही समुद्रशेवाळापासूनच. तामिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या बाया समुद्रात बुड्या मारून शेवाळ गोळा करतात. पुढे तिथे बचत गटांच्या बाया बांबूच्या तराफ्यांवर कप्पाफायकस नावाचं शेवाळ पिकवू लागल्या. २०२० मध्ये जाहीर झालेल्या मत्स्यसंपदा योजनेत केंद्र सरकारने शेवाळ शेतीसाठी ६४० कोटी रुपये ठेवले. पण तिथेही एक धडा आहेच. बाहेरून आणलेलं हेच शेवाळ मन्नारच्या आखातात क्रुसडाई बेटाजवळच्या प्रवाळांवर पसरल्याचं २००८ मध्ये संशोधकांनी नोंदवलं. पोट भरणारी गोष्टही बांध सोडून गेली की नुकसान करते.

आता आम्ही काय करतो

त्या सप्टेंबरानंतर आमच्या घरात काही गोष्टी बदलल्या. तुमच्याही उपयोगी पडतील म्हणून सांगते.

पावसाचा अंदाज पाहिल्याशिवाय युरियाची गोणी फोडायची नाही. आभाळ भरलेलं असताना तर मुळीच नाही.

एकदाच ढीगभर टाकण्यापेक्षा दोन-तीन हप्त्यांत, बुडाजवळ आणि मातीआड. माती परीक्षण करून घेतलं तर दोन गोण्यांच्या जागी दीड पुरते, हे आम्हाला कागदावर दिसलं.

तळ्याच्या चारीच्या तोंडाशी गवताचा रुंद पट्टा ठेवला. पाणी गाळून येतं आणि गवत म्हशीला होतं. खताच्या रिकाम्या गोण्या आणि फवारणीचा पंप तळ्यात, विहिरीवर किंवा नाल्यात धुवायचा नाही. शेणाचा उकिरडाही ओढ्यापासून लांब.

मासे असतील तर हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून पाहायचा. कोपर बुडायच्या आतच तळवा दिसेनासा झाला, तर पाणी फार दाट झालं. मग खाद्य बंद, ताजं पाणी सोडायचं. पहाटे मासे वर तोंड काढताना दिसले, की मोटार लावून पाण्याचा फवारा तळ्यावरच मारायचा. त्या दिवशी आम्हाला एवढं माहीत असतं, तर अर्धे मासे वाचले असते.

गटाचं कर्ज फेडायला दीड वर्ष लागलं. २०२२ मध्ये पुन्हा बोटुकली सोडली. थोडी, झेपेल एवढीच. पुढच्या वर्षी पहिली पाटी विकली, तेव्हा सासूबाईंनी दोन मासे बाजूला काढले आणि मला म्हणाल्या, "त्या देवगडवालीले फोन लाव. म्हणा, आमचं पाणी आता साफ हाये."

मी फोन लावला. पलीकडे बहिणीच्या शेजारच्या वहिनीच होत्या. त्यांना आमची वऱ्हाडी अर्धीच कळली, आम्हाला त्यांची मालवणी अर्धीच. पण त्यांनी विचारलं ते नीट कळलं. त्या विचारत होत्या, "किलोक किती भाव गावलो?"